माया

मंगळवार, रात्री पावणेबारा

टेलरकाकांनी आज एवढंच विचारलं, "ताई, ब्लाउजची आतली माया कापून टाकू का आता? फार झालीय, फुगते." आणि मी इतक्या जोरात "नको!" म्हणाले की शेजारी पिको करणारा मुलगा मशीन थांबवून बघायला लागला.

तेव्हापासून तेच घोळतंय. का नको? दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापड आत दुमडून बसलंय, काखेत टोचतं, वरून रेघ दिसते. रथसप्तमीच्या आत अजून तीन हळदीकुंकवं आहेत. तरी नको.

दिवाळीनंतर वजन उतरवायच्या कॅप्सूल बंद केल्या तेव्हा काटा 77 वर होता. आज सकाळी 73.8. मधल्या काळात मी काही म्हणजे काही केलेलं नाही. चालायलासुद्धा जात नाही, थंडीचं निमित्त. मग हे उतरतंय कुणामुळे?

मागच्या वेळी कुणामुळे ते पक्कं माहीत होतं. सिब्युट्रामीन. भूक म्हणून लागायची नाही. तोंडाला कोरड, रात्रभर टक्क जाग, छातीत धडधड, आणि वजन झरझर खाली. हृदयाला धोका म्हणून 2010 मध्ये ती गोळी अमेरिका-युरोपातून गेली, पुढच्या वर्षी आपल्याकडेही बंदी आली. माझे नऊ किलो गेले होते, अकरा परत आले. मधल्या त्या चार महिन्यांत मी हौसेहौसेनं सगळे ब्लाउज आत घेऊन माया कापून टाकली होती. शालूवरच्याचीसुद्धा. तो आता... जाऊ दे.

ह्या वेळची ऑर्लिस्टॅट. ती भुकेच्या वाटेला जात नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज अडवते, मग पोटात गेलेल्या तेलातुपातलं साधारण 30 टक्के न पचताच बाहेर. कसं बाहेर, ते घेणाऱ्यालाच ठाऊक. गणपतीत वहिनींकडे तळणीचे चार मोदक खाल्ले आणि गप्पा मारत त्यांच्या पांढऱ्या चादरीवर बसले. पुढचं लिहीत नाही. वहिनी आजतागायत एक अक्षर बोललेल्या नाहीत, तेच जास्त लागतं.

परवा सगळ्यांनी "बारीक झालीस गं, आजारी होतीस का?" विचारलं. छान दिसतेस असं एकीलाही म्हणावंसं वाटलं नाही. खरं तर मीही घाबरलेच होते. डॉक्टर म्हणाले, काही न करता उतरतंय तर एकदा बघून घेऊ. थायरॉइड, साखर, सगळं केलं. थायरॉइडचं टीएसएच 2.4, तीन महिन्यांची सरासरी साखर 5.5. सगळं नॉर्मल. आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडी निराशाच झाली. थायरॉइड निघाला असता तर श्रेय द्यायला कुणीतरी मिळालं असतं. आईचंही आधी वजनच... पण ते वेगळं होतं.

म्हणजे गोळीमुळे उतरलं तर विश्वास बसतो, आजाराने उतरलं तरी बसतो. माझ्यामुळे उतरलं म्हटलं की मी माया राखून ठेवते.

आत्ता ताटं आवरताना लक्षात आलं, ह्यांचीही पँट सैल झालीय. पट्ट्याला घरीच खिळ्याने एक भोक पाडून घेतलंय. ह्यांनी तर एकही कॅप्सूल घेतलेली नाही! मग हिशेब केला. तेलाच्या महिन्याला चार पिशव्या लागायच्या, आता अडीचमध्ये भागतं. तळण दसऱ्यापासून नाही. संक्रांतीला गुळपोळीवर तूप घेताना हात आपोआप आखडला, कारण आधी चादर आठवली. कॅप्सूल सुटल्या, चादर काही सुटली नाही. तेलातुपाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, त्यात एवढी चादर मधे आल्यावर काटा बिचारा काय करणार.

वहिनींना हे सांगायला हवं खरं तर. नको, नकोच.

उद्या काकांना फोन करते. एक इंच कापा, एक राहू दे. आणि कापलेली पट्टी फेकू नका म्हणावं, ब्लाउजबरोबर पिशवीत घालून द्या.