तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर पुन्हा तपासायला टाकावा का?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. "बाकी सगळ्या विषयांत नव्वदीच्या आसपास आणि मराठीत ७१. असं कसं होईल? रिव्हॅल्युएशनला टाकू का?" विचारणारे मुलुंडचे असोत की परळचे, मजकूर तोच. मराठीच्या जागी कधी इंग्रजी असतं, कधी इतिहास. गणित क्वचितच.

आधी ते ७१ फोडून बघा. १०० पैकी ८० मार्क लेखी परीक्षेचे, २० शाळेच्या हातातले. शाळेचे मार्क बहुतेकांना भरभरून मिळतात. समजा १९ मिळालेत. म्हणजे लेखीत ८० पैकी ५२, टक्क्यांत ६५. पुन्हा तपासणी होते ती फक्त या ५२ ची. शाळेने पाठवलेला आकडा त्यात येत नाही. या २० मार्कांची ताकद किती, ते २०१९ मध्ये दिसलं. त्या वर्षी भाषांच्या तोंडीचे मार्क काढून टाकले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सगळं खापर तोंडीवर फोडता येणार नाही. पण तोंडी परत आणली आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. सांगायचं ते एवढंच, की शाळेच्या २० मध्ये सगळे जवळपास सारखेच असतात. मुलांमधला फरक ठरतो तो लेखीतच.

आता दुसरी गोष्ट, जी विचारणाऱ्यांच्या बहुतेक वेळा लक्षातच आलेली नसते. राज्य मंडळात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहा विषयांपैकी सर्वांत चांगले पाच धरतात. बाकी सगळीकडे नव्वदीच्या आसपास असेल, तर तो ७१ टक्केवारीत धरलेलाच नाही. धरलेल्या पाचांतला सर्वांत कमी विषय ८८ चा असेल, तर मराठीने टक्केवारी हलवायला ८९ हवेत. म्हणजे १८ मार्क वाढायला हवेत. परीक्षकाच्या मतभेदातून १८ मार्क वाढत नाहीत. ते वाढतात एखादी पुरवणी तपासायची राहिली असेल तर, किंवा बेरजेत दहाचा आकडा पडला असेल तर.

म्हणून 'टाकू का' याच्या आधी 'मार्क नेमके कुठे गेले असतील' हे विचारायला हवं. मार्क तीन ठिकाणी जातात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं ठिकाण हिशेबाचं. चुकलेली बेरीज, न तपासलेलं पान, आतले मार्क पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरवताना झालेली गडबड. याला उपाय गुणपडताळणी. त्यात उत्तर पुन्हा वाचत नाहीत, सगळ्या उत्तरांना मार्क दिलेत का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात. दुसरं ठिकाण नमुना उत्तराचं: जे उत्तर मान्य करायचं ठरलं होतं, ते परीक्षकाने चूक धरलं. तिसरं ठिकाण मताचं. त्याच उत्तराला एकाने २ दिले, दुसरा ३ देईल, आणि दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी लोक पुनर्मूल्यांकनाला जातात. दुसऱ्यासाठी ते जाणं योग्यच. तिसऱ्यासाठी जाणं म्हणजे फासा पुन्हा टाकणं.

तिसऱ्याचं एक उदाहरण जवळून बघू. मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे तीन मुद्दे मुलांना पाठ असतात. एका मुलीने कवितेचा आशय सुरेख लिहिला, प्रतिमाही उलगडल्या, पण भाषिक वैशिष्ट्यांचा वेगळा परिच्छेद केला नाही. यमक आणि अनुप्रासाबद्दलचं एक वाक्य मधेच कुठेतरी घातलं. मुद्दे मोजणारा परीक्षक तिसरा मुद्दा शोधतो, सापडत नाही, मार्क कापतो. पूर्ण उत्तर वाचून मार्क देणारा म्हणतो, मुलीला कविता कळली आहे, आणि मार्क वाढवतो. ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाचे, त्यातही पत्र, बातमी, निबंध. असं एकेक मार्काचं डावं-उजवं दहा ठिकाणी झालं की पाच-सहा मार्क सहज इकडचे तिकडे होतात.

बीजगणितात हे घडायला जागा कमी. वर्ग पूर्ण करून समीकरण सोडवायला सांगितलंय, मुलाने शेवटी ६४ चं वर्गमूळ फक्त अधिक ८ घेतलं, उणे ८ विसरला, तर मार्क कुठे कापायचा यावर दहा परीक्षकांचं एकमत होईल. पण त्याच मुलाने अवयव पाडून अचूक उत्तर काढलं, तर? पद्धत विचारली होती, उत्तर नव्हे. अशा वेळी काय करायचं हे नमुना उत्तरं ठरवतानाच स्पष्ट लिहावं लागतं. तिथे मोघम राहिलं की गणितातही मार्क हलतात.

हे काही आपल्याकडचंच नाही. १८८८ मध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने मोजमापातल्या चुकांचं गणित परीक्षांच्या मार्कांना लावून दाखवलं. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे पाठवली. मार्क आले २८ पासून ९२ पर्यंत. भूमितीत! आकृतीच्या नीटनेटकेपणाला मार्क आहेत की नाहीत, इथूनच शिक्षकांची फाटाफूट झाली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९३५ चा अभ्यास, हार्टोग आणि र्‍होड्स यांचा. बी.एड. केलेल्यांना हार्टोग माहीत असतो तो भारतातल्या शिक्षणावरच्या १९२९ च्या समितीमुळे, तिने मांडलेली गळती (मधेच शाळा सोडणं) आणि स्थगन (एकाच इयत्तेत अडकणं) पाठ करावी लागलेली असते म्हणून. हा तोच माणूस, ढाका विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. त्यांनी इंग्लंडमध्ये इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या. मूळ परीक्षेत त्या सगळ्यांना सारखेच मध्यम मार्क होते. १४ परीक्षकांनी त्या तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. एकूण २१० निर्णय. त्यातल्या ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. नापासाचा पास झाला, पासाचा वरचा वर्ग झाला, किंवा उलट. दुसरा माणूस आणायचीही गरज पडली नाही.

अलीकडचं सांगायचं तर इंग्लंडच्या परीक्षा नियामक संस्थेने, ऑफक्वालने, २०१८ मध्ये आकडे जाहीर केले. मुख्य परीक्षकाने दिली असती तीच श्रेणी विद्यार्थ्याला मिळण्याची शक्यता गणितात ०.९६, आणि इंग्रजी भाषा-साहित्याच्या एकत्रित विषयात ०.५२. रिव्हॅल्युएशनचा प्रश्न विचारणाऱ्यांत गणित क्वचित का असतं, ते इथे कळतं. याच संस्थेने २०१६ मध्ये नियम केला की फेरतपासणीत खरी चूक सापडली तरच मार्क बदलायचे. एका योग्य मार्काच्या जागी दुसरा योग्य मार्क बसवायचा नाही. मला तो नियम पटतो. फेरतपासणीला पैसे भरणाऱ्यालाच दुसऱ्या मताची संधी मिळावी आणि न भरणाऱ्याला नाही, यात न्याय कसला?

परीक्षकांवर लगेच दात खाऊ नका. कडक हाताचा परीक्षक ही फार मोठी अडचण नसते. तो सगळ्यांनाच कडक असतो, नियामक, म्हणजे परीक्षकांचं काम तपासणारा शिक्षक, त्याच्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका तपासतो आणि कडकपणा पकडता येतो. अडचण होते ती सकाळी सैल आणि संध्याकाळी कडक होणाऱ्याची, कारण नमुन्याला घेतलेल्या चार उत्तरपत्रिकांत ते दिसेलच असं नाही. त्यात लागोपाठ तीन उत्तम निबंध वाचल्यावर चौथा मध्यम निबंध आहे त्याहून वाईट वाटतो. हे सगळं शाळेचे तास, निकाल आणि सुट्ट्या सांभाळून चाललेलं असतं. दहावीला राज्यात सोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. प्रत्येकाचे सात-आठ पेपर धरले तरी उत्तरपत्रिका कोटीच्या वर जातात. प्रत्येक पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासून सरासरी घेतली तर परीक्षकामुळे होणारी चूक साधारण तीस टक्क्यांनी कमी होते. पण त्यासाठी माणसं दुप्पट लागतात.

स्क्रीनवर तपासलं की सुटतं का? अर्धं. बेरीज संगणक करतो, न उघडलेलं पान अडवता येतं, आधीच मार्क ठरवून ठेवलेल्या उत्तरपत्रिका मधेमधे सोडून परीक्षकाची परीक्षा घेता येते. मत मात्र माणसाचंच राहतं. आणि तयारीशिवाय केलं तर काय होतं, ते मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळी परीक्षांनी दाखवलं. लाखो उत्तरपत्रिका एकदम ऑनलाइन तपासायला काढल्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

आता तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. पूर्वी ती मिळतच नसे. १९८४ मध्ये आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेली पुनर्मूल्यांकनाची बंदी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वैध ठरवली होती. २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारातला हक्क मानला. आज मंडळात पुनर्मूल्यांकनाच्या आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हातात पडल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. पाच दिवस कमी आहेत. तेव्हा ज्या शिक्षकांना दाखवायची त्यांना आधीच सांगून ठेवा.

छायाप्रत आल्यावर उत्तरं वाचायला घेऊ नका. आधी पानं मोजा, पुरवण्या मोजा, पहिल्या पानावर लिहिलेल्या पुरवण्यांच्या संख्येशी ताळा करा. मग प्रत्येक उपप्रश्नाचे आतले मार्क एका कागदावर उतरवा, तक्त्याशी जुळवा, बेरीज स्वतः करा. उत्तर असूनही ना मार्क ना शून्य, अशी जागा दिसली तर खूण करा. एकच प्रश्न दोनदा सोडवला असेल किंवा पर्यायी प्रश्न जास्त सोडवले असतील, तर कोणते धरलेत ते बघा. उत्तराचा उरलेला भाग पुरवणीत गेला असेल तर तिथे खास बघा. 'पुढे पहा' लिहायचं राहिलं की नजर चुकते. हे सगळं झाल्यावर प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून उत्तरं वाचा. वाचणारे विषयाचे शिक्षक असू देत, आणि ज्याची उत्तरपत्रिका आहे त्याला शिकवणारे शक्यतो नकोत. त्यांना आधी मार्क दाखवू नका. पहिला आकडा दिसला की दुसऱ्याचा हात आपोआप त्याच्याकडे झुकतो. मार्क झाकून छायाप्रतीची झेरॉक्स काढा आणि ती द्या.

त्यांनी ५४ दिले आणि मूळ ५२ असतील, तर सोडून द्या. त्यामागे साधं गणित आहे. समजा पेपरचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, १५ आहे आणि विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर तसेच मार्क येण्याचं ० ते १ मधलं माप, ०.९१, म्हणजे चांगलीच. एकातून ०.९१ वजा केले की ०.०९ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, साडेचार मार्क. एवढी चूक चांगल्या पेपरातही असते. ७१ म्हणजे साधारण ६६ ते ७६ च्या दरम्यान कुठेतरी, आणि तेही तीनातल्या दोन वेळा. पाच विषय एकत्र केले की चुका एकमेकींना थोड्या खाऊन टाकतात, तरी ५०० पैकी दहा मार्कांचा खेळ उरतो, म्हणजे दोन टक्के. ५०० पैकी एक मार्क म्हणजे ०.२ टक्के. रुईया किंवा वझे-केळकर कॉलेजचा अकरावीचा कटऑफ ९२.४ ला लागतो आणि ९२.२ वाला बाहेर राहतो, तेव्हा त्या दोघांतला फरक परीक्षेला मोजताच येत नाही. रेघ कुठेतरी मारावी लागते म्हणून मारलेली असते.

म्हणजे तुमच्या प्रश्नापुरतं असं करा. मराठीची छायाप्रत मागवा, पण ती पुरवणी आणि बेरजेसाठी. तिथे मोठं काही सापडलं नाही तर थांबा. कटऑफ एक-दोन मार्कांनी हुकत असेल तर धरलेल्या पाच विषयांतल्या एखाद्याची छायाप्रत काढणं जास्त कामाचं आहे, आणि त्यातही गणित किंवा विज्ञानाची, कारण तिथे चूक दाखवून देता येते. छायाप्रतीवर प्रश्न क्रमांक, पान आणि नमुना उत्तराचा आधार एवढं बोट ठेवून दाखवता येत असेल तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मार्क कमी झाले तर काय, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात आधी वाचून घ्या. आणि अकरावीच्या फेरीत जागा मिळाली असेल तर ती घेऊन टाका. फेऱ्या पुनर्मूल्यांकनाच्या निकालासाठी थांबत नाहीत.