सीझन बॉल, वय ३६ : बॉलिंगचा लॉग, ऑक्टोबर ते फेब्रुवारी

मागच्या वेळी लिहिलं होतं की स्पीड वाढवायचा म्हणून खांद्याचे व्यायाम चालू केलेत, डंबेल आणलेत वगैरे. तर मंडळी, तीन महिने पाण्यात. खांदा मस्त झाला, टी-शर्ट घट्ट बसायला लागला, बॉल मात्र तेवढ्याच निवांतपणे जातोय. म्हणून ऑक्टोबरपासून सगळं परत पहिल्यापासून बघायला घेतलं, आणि ह्यावेळी अंदाजपंचे नाही, मोजून. मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायला आहे, दिवसभर बारीक मापं काढायचा व्हर्नियर हातात असतो, तरी स्वतःच्या बॉलिंगचं माप कधी काढलं नव्हतं ह्याची खरं तर लाज वाटायला पाहिजे. (नवा बॉल एकदा कंपनीत नेऊन मोजलाय, ७२ मिमीच्या जरा वर आणि १५८ ग्रॅम, नियमात बसतो. सुपरवायझरने पाहिलं आणि गेले दोन महिने तेच ऐकवतोय.)

नवीन लोकांसाठी थोडक्यात. उजव्या हाताने मिडियम पेस टाकतो, आयुष्यभर टेनिस बॉल, दोन वर्षांपासून सीझन, म्हणजे लेदरचा कडक बॉल. टेनिसला हात जोरात फिरवला की काम भागायचं, मॅटवर बॉल थांबून यायचा, बॅट्समन आधीच फिरवून मोकळा. सीझनला तसलं काही चालत नाही.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा

मोबाइलचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचा आहे. गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला नेट लावून एका भाच्याला बाजूला उभं केलं. हिशोब असा की पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, दोन्हीकडे पॉपिंग क्रीज (स्टंपपुढची रेघ) स्टंपपासून ४ फूट पुढे, म्हणजे क्रीज ते क्रीज ५८ फूट, १७.६८ मीटर. हातातून बॉल सुटला ती फ्रेम आणि समोरची क्रीज ओलांडली ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजायच्या. माझ्या दहा बॉलची सरासरी १६८ फ्रेम, म्हणजे ०.७ सेकंद, म्हणजे ताशी ९१ किमी. टीव्हीवर दाखवतात तो स्पीड हातातून सुटतानाचा असतो, हा पूर्ण रस्त्याचा सरासरी आहे आणि टप्पा पडल्यावर बॉल मंदावतो, त्यामुळे रडारवर थोडा जास्त दिसेल. तरीपण. मी स्वतःला ११० च्या पुढचा समजत होतो. भाचा म्हणाला मामा परत मोजू का, मी म्हटलं नको.

स्पीडपेक्षा वाईट गोष्ट व्हिडिओत होती. पुढचा पाय, म्हणजे माझा डावा, टेकल्याबरोबर गुडघा असा वाकतोय की मी बॉल टाकतोय का पाटावर जेवायला बसतोय तेच कळेना. एवढं पळत आणलेला सगळा जोर त्या वाकलेल्या गुडघ्यात जिरतो, उंची जाते ती वेगळीच, आणि मग जे काही उरलं ते एकट्या खांद्याने ओढायचं. तीन महिने मी नेमकं चुकीचं मशीन रिपेअर करत होतो.

सायकल जोरात चालवताना पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो ना, तोच प्रकार. डावा पाय म्हणजे ब्रेक. तो घट्ट लागला तर वरचं अंग, त्याच्यावरून खांदा, मग हात, शेवटी मनगट असं एकामागून एक पुढे फेकलं जातं. ब्रेक ढिला असेल तर अंग सगळं एकत्रच पुढे घरंगळतं. बुमराहचा रनअप एवढासा असून स्पीड कुठून येतो ह्याचं एक मोठं उत्तर तो खांबासारखा पुढचा पाय आहे. बाकी त्याची नक्कल कोणी करू नका, त्याच्या कोपराची ठेवण वेगळी आहे, आणि त्यालाही २०२३ ला पाठीचं ऑपरेशन करावं लागलंच.

ऑक्टोबर अखेर, दिवाळी

पाठ गेली. चूक शंभर टक्के माझी. तीन आठवडे नाइट शिफ्ट आणि फराळ, बॉलला हात नाही, आणि मग एका रविवारी दोन मॅच, नेटसकट दहा ओव्हर टाकल्या असतील. सोमवारी सकाळी कमरेच्या डाव्या बाजूला असं काही धरलं की मोजे बायकोने घालून दिले.

फिजिओ मॅडमनी आधी व्हिडिओ मागितला, एमआरआय नंतर बघू म्हणाल्या (हाडाला काही नव्हतं, नशीब). त्यांनी दाखवलं ते असं की मागचा पाय टेकतो तेव्हा माझी कंबर बॅट्समनकडे तोंड करून, फ्रंट ऑन, आणि खांदे मात्र साइड ऑन, म्हणजे बॅट्समनकडे बाजू, करायच्या नादात मी मागे पिळतोय. ह्याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. साइड ऑन चालतं, फ्रंट ऑन चालतं, अर्धं हे अर्धं ते नाही चालत, कारण प्रत्येक बॉलला खालचे मणके ओलं फडकं पिळावं तसे पिळले जातात, आणि उजव्या हाताच्या बॉलरला त्रास बहुतेक डाव्या बाजूलाच सुरू होतो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर, म्हणतात ते साधारण इथेच होतं. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली, त्याची पाठ १९७३ ला अशीच गेली होती, तो माणूस अ‍ॅक्शन बदलून १९७४-७५ च्या अ‍ॅशेसला परत आला, आणि नंतर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या पोरांना शिकवायला उभा राहिला, आपला श्रीरामपूरचा झहीर खानही तिथूनच तयार होऊन आला. आम्हाला लहानपणी गल्लीत कोण सांगणार हे, साइड ऑन म्हणजे चांगलं एवढंच ऐकलं होतं.

नोव्हेंबर

महिनाभर बॉलिंग बंद. साइड प्लँक, एका पायावर बसणं-उठणं, पोटऱ्या. लिहिण्यासारखं काही नाही, कंटाळवाणं आहे आणि करावं लागतं.

डिसेंबर

निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की सकाळी साडेसहाला मैदानावर बोटं इतकी गार की शिवण हाताला लागत नाही. वीस मिनिटं वॉर्मअप केल्याशिवाय एकही बॉल नाही, हा नियम केला.

अ‍ॅक्शनचा निर्णय असा की पूर्ण फ्रंट ऑन, कारण कंबर आपसूकच तशी पडते, मग खांदेच तिच्या ओळीत आणू. मागचा पाय अजून थोडा सरळ समोर, डावा हात वर पण छातीच्या आडवा नाही. सुरुवात उभ्याने, मग चालत येऊन, मग तीन पावलं, मग पाच. नेटवरचे सर पाच पावलांच्या पुढे जाऊच देईनात. शेजारच्या नेटमधला सतरा वर्षांचा एक पोरगा, माझ्यापेक्षा दुप्पट स्पीडचा वाटावा असा, दोन दिवस बघत होता आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही पाय टेकवताय. आपटा ना." मी म्हटलं गुडघा जाईल रे. "नाय जात, टाच आधी आपटा, मग बघा."

आणि खरंच. मी घाबरून चवड्यावर हळूच उतरत होतो, चवड्यावर उतरलं की गुडघा वाकणारच. टाच आधी लागली की पाय आपोआप ताठ राहतो, लागलीच तळवा खाली. पहिल्या दिवशी बारापैकी दोनच बॉल तसे पडले, पण त्या दोन बॉलांचा आवाज वेगळा होता, नेटला जाऊन धप्प. सर न बघता म्हणाले, "हा कोणी टाकला?" मला दिवसभर पुरलं ते.

नव्या लोकांनी हे पहिल्याच दिवशी फुल रनअपने करू नका बरं का, पुढच्या पायावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो, नोव्हेंबरचा तो कंटाळवाणा व्यायाम त्याच्यासाठीच होता. शिवाय डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, कारण पाय थांबतो आणि अंगठा बुटात पुढे जाऊन आदळतो. अर्धा नंबर मोठा बूट आणि लेस वरपर्यंत घट्ट, एवढ्यावर सध्या भागतंय. उजव्या बुटाचं टोक घासून भोक पडलं होतं, तिथे चांभाराकडून रबराची पट्टी मारून घेतली, ८० रुपये.

जानेवारी : रनअप आणि नो बॉल

गेल्या सीझनला मॅचमागे पाच-सहा नो बॉल ठरलेले. आमच्याकडे अंपायर म्हणजे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच कोणीतरी, त्यामुळे मी बिनधास्त त्याच्यावर ढकलायचो. व्हिडिओ बघितला तर अंपायर बिचारा निम्मे सोडत होता.

माझा रनअप सतरा पावलं. का सतरा? कारण शाळेत असताना सतरा होती. शेवटच्या चार पावलांत क्रीज दिसली की मी पाऊल लांबवायचो, लांब पाऊल म्हणजे अंग मागे, अंग मागे म्हणजे उडी वर, आणि वरून खाली आल्यावर गुडघा वाकणार नाही तर काय. सगळं एकमेकांत अडकलेलं होतं तर. झहीरनेही २००६ ला इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी क्रिकेट खेळून येऊन करिअर नव्याने उभं केलं, आणि नंतरचे त्याचे व्हिडिओ सुरुवातीच्या वर्षांशेजारी ठेवून बघा, ती मोठी उडी किती आटोपशीर झालीय ते.

मग टेप घेऊन उलटं केलं. क्रीजवर उभं राहून मैदानाकडे पळायचं, डोक्यात काही न आणता जिथे उडी घ्यावीशी वाटेल तिथे बॉल टाकायचा, भाचा तिथे खूण करणार. सहा वेळा केलं, १४.८ ते १५.६ मीटरच्या मध्ये पडलं, १५.२ पक्का केला. पावलं तेरा निघाली, सुरुवात डाव्या पायाने. आधी उभ्याचाच पळायला लागायचो, आता दोन पावलं चालत, नाहीतर पहिलं पाऊल रोज वेगळं पडतं आणि शेवटी तेवढाच फरक क्रीजवर निघतो.

मैदानावर रोज फिरायला येणारे एक आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, ते थांबून म्हणाले की रनअप छोटा करून फास्ट बॉलर होत नसतो, आम्ही महाराष्ट्राच्या पांडुरंग साळगावकरला फास्ट टाकताना बघितलंय. मी हो म्हटलं. साळगावकरबद्दल वाद घालायची आपली लायकी नाही.

फेब्रुवारी

परत मोजलं. तोच मोबाइल, तोच भाचा. सरासरी १५६ फ्रेम, ०.६५ सेकंद, ताशी ९८ किमी. एखाद-दुसरी फ्रेम मोजायला चुकली तरी किमीभराचा फरक, म्हणजे सहा-सात किमी खरेच वाढलेत, आणि तेही चार पावलं कमी करून, डंबेलला हात न लावता. शंभर नाही झाले, त्याची बोच आहे, लपवत नाही.

पहिल्या मॅचला ४ ओव्हर, २६ रन, १ विकेट, १ नो बॉल. ती विकेट म्हणजे आखूड टप्प्याचा बॉल, ओपनर पुलला गेला आणि बॉल त्याच्या अंदाजापेक्षा आधी आला, बॅटच्या वरच्या कडेला लागून सरळ वर, कीपरने घेतला. दोन वर्षांत माझ्या बॉलिंगवर कोणी घाईत सापडल्याचं पहिल्यांदा पाहिलं. पुढच्याच ओव्हरला दोन चौकार खाल्ले, कारण परत तसाच घाई करायला गेलो आणि खांद्याने ओढलं, दोन्ही बॉल लेगला फुलटॉस. दमलो की जुनी सवय लगेच वर येते, चौथ्या ओव्हरच्या व्हिडिओत गुडघा परत पाटावर.

स्विंगचं विचाराल तर फ्रंट ऑन झाल्यापासून आउटस्विंग, म्हणजे बॅट्समनपासून बाहेर जाणारा बॉल, जवळपास गेलाय, बॉल आतच येतो. सर म्हणतात मनगट बॉलच्या मागे राहत नाही. ते पुढच्या दोन महिन्यांत बघू, एका वेळी एकच नट फिरवायचा ठरवलंय.

बॉल मोजून टाकतोय आता, आठवड्याला नेटमध्ये दोनदा तीस-तीस आणि मॅचच्या चार ओव्हर, वहीत लिहितो, आणि सुट्टी पडली तर परत निम्म्यापासून सुरुवात. येत्या रविवारी मॅच आहे, शनिवारी सेकंड शिफ्ट म्हणजे घरी यायला साडेबारा, त्यामुळे नवा बॉल कितीही खुणावत असला तरी पहिला स्पेल दुसऱ्या कोणाला दे, मला दहाव्या ओव्हरनंतर बोलव असं कॅप्टनला आत्ताच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "बरं आहे ना तुला?"