तुम्ही विचारलंत म्हणून: भेदऱ्याचं बी

टेरेसवर कुणीही आलं की हा प्रश्न ठरलेला, अगं नर्सरीत टोमॅटोची रोपं मिळतात की, तू दर वर्षी बी कशाला धरत बसतेस? तर सांगते.

माझं माहेर अकोल्याकडचं, तिकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. आईच्या परसातलं भेदरं चपटं, देठाशी खाचा पडलेलं, आणि साल इतकी पातळ की विळीवर टेकवलं तरी रस मनगटावरून ओघळायचा. तव्यावर मिरची-लसूण भाजून त्यात हे ठेचायचं आणि गरम भाकरी, बास. पुण्यात हे विकत मिळत नाही हो, बाजारात येणारं टोमॅटो प्रवासात टिकावं म्हणून जाड सालीचं, बहुतेक संकरित, आणि त्याचं बी लावलं तर पुढच्या खेपेला एकेक झाड वेगळंच निघतं. गावरान तसं नाही. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे शेजारच्या कुंडीत दुसरी जात असली तरी बी सहसा बिघडत नाही.

बी धरायला सगळ्यात निरोगी झाडावरचं चांगलं फळ ठेवायचं, उरलंसुरलं नाही, आणि ते पार पिकू द्यायचं. मग गर बाटलीत पिळायचा, थोडं पाणी, तोंडाला फडकं, दोन-तीन दिवस तसंच. वर पांढरी साय येते आणि वास सुटतो, पण घाबरू नका, बियांभोवतीचा बुळबुळीत थर असाच सुटतो, आणि तो थरच बी रुजू देत नसतो. मग धुवायचं, तरंगणारं पोकळ बी फेकायचं, बुडालेलं ताटलीत सावलीत वाळवायचं (कागदावर नको, चिकटून बसतं).

एका वर्षी मी हौसेने जानेवारीत रोपं लावली. पांढरी माशी आली, बोकड्या पडला, पानं वळून आखडली आणि उरलेली फुलं एप्रिलच्या उन्हात गळून गेली, एक फळ हाती लागलं नाही. खूप रडले मी तेव्हा. पण बरणीत दोन वर्षांपूर्वीचं बी होतं, कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं चालतं, तेच ऑगस्टच्या शेवटी पेरलं आणि डिसेंबरात परत तीच चटणी झाली. तेव्हापासून पेरणी ऑगस्टातच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या (हे नगरकडचं अकोले, आमचं अकोला वेगळं) राहीबाई पोपेरेंना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली, त्यांनी तर घरातच बियाणांची बँक उभी केलीय. माझी एकच बरणी, पण ती रिकामी झाली तर आईचं भेदरं मी कुठून आणू? ती आता नाहीये.

या वर्षीचं बियाचं फळ तिसऱ्या कुंडीत आहे, देठाला लाल दोरा बांधलाय. अजून चार दिवस राहू देणार, तोवर कुणी तोडू नका.