खुर्चीतून घसरणारं मूल

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं) असलेलं मूल खुर्चीत नीट बसवलं, की दहा मिनिटांत त्याचं ढुंगण पुढे सरकतं, पाठीला कुबड येतं आणि हनुवटी छातीला टेकते. मग सगळे एकच उपाय करतात, छातीचा पट्टा आवळतात. हा उपाय चुकीचा तर आहेच, पण धोक्याचाही आहे. मूल खाली सरकतच राहतं आणि पट्टा वर चढत गळ्याशी येतो.

घसरण सुरू होते ती कंबरेच्या हाडापासून. तेव्हा पट्टाही आधी तिथेच हवा. मांडी आणि पोट जिथे दुमडतात त्या घडीत तो बसवायचा आणि मागे-खाली, साधारण 45 अंशांच्या कोनात ओढायचा. पोटावर नको. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतपतच सैल ठेवायचा. लावताना क्रम असा: कंबर, मग पाय, छाती सगळ्यात शेवटी. सोडताना बरोबर उलटा, छाती आधी आणि कंबर शेवटी.

पट्टा बरोबर असूनही घसरत असेल तर खुर्चीच्या बैठकीची मागून पुढपर्यंतची लांबी मोजा. मुलाला टेकून बसवा. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन बोटांचं अंतर राहायला हवं. बैठक त्याहून लांब असेल तर कड पोटरीला टोचते आणि ती चुकवायला मूल पुढे सरकतं. 'वाढत्या अंगाचं आहे, मोठीच घेऊ' या हिशेबाने घेतलेल्या खुर्चीत हे हमखास होतं. खुर्ची बदलेपर्यंत पाठीमागे फळी किंवा कडक फोम लावून ही लांबी कमी करता येते. मऊ उशी दबते आणि तासाभरात मूळचीच लांबी परत येते.

तिसरं कारण सहसा कुणी पाहत नाही. मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. ते आखडलेले असताना पाय समोर लांब करून टेकवले, तर ते कंबरेचं हाड मागून ओढतात, कंबर गोल होते आणि मूल घसरतं. अशा मुलाचे गुडघे काटकोनापेक्षा थोडे जास्त वाकवून पावलं बैठकीखाली, जरा मागे ठेवावी लागतात. पाय लोंबकळत असतील तर खाली घट्ट खोका द्या. पावलाला आधार नसला की हातही स्थिर राहत नाहीत, म्हणून खाणं, लिहिणं, स्विच दाबणं सगळंच बिघडतं. पुढचा ट्रे कोपराच्या उंचीला ठेवा.

आता हे सगळं जमल्यावर मुलाला समोरून पाहा. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा मागे दिसतो का? कंबरेचं हाड नुसतं वळलेलं असेल तर सरळ करता येतं. सरळ करूनही फरक राहत असेल, किंवा डायपर बदलताना एक मांडी पूर्वीइतकी उघडत नसेल, तर खुबा सांध्यातून सरकत असण्याची शक्यता असते. सुरुवातीला हे बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून 'रडत नाही म्हणजे ठीक आहे' असं धरून चालू नका. न चालणाऱ्या मुलांत हा धोका सर्वात मोठा. एक्स-रेवर मांडीच्या हाडाचा गोळा किती टक्के बाहेर आलाय ते मोजतात. 30 टक्क्यांच्या पुढे गेला की हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. पुढचा एक्स-रे कधी, हे दर भेटीत स्वतःहून विचारा.

ताठरपणा एकाएकी वाढला तर लगेच औषध वाढवायचं मनात येतं. त्याआधी बाकीची कारणं शोधा: बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, दुखरा दात, मांसात रुतलेलं नख, लहान झालेला स्प्लिंट (पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा साचा). बोलता न येणारं मूल दुखणं अंगाच्या ताठरपणातूनच सांगतं. आणि बॅक्लोफेन हे ताठरपणा कमी करणारं औषध चालू असेल तर ते कधीही एकदम बंद करू नका. संपायच्या आधी आणून ठेवा.

स्प्लिंटखाली गुडघ्यापर्यंतचा, सुरकुती न पडलेला सुती मोजा घाला. गुडघा वाकवून टाच आधी मागे-खाली पक्की बसवा, मग घोट्याचा पट्टा लावा, पोटरीचा शेवटी. टाच वर राहिली तर स्प्लिंट दिवसभर नुसता घासतो. काढल्यावर दिसणारा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो स्प्लिंट दुरुस्तीला द्या, 'सवय होईल' म्हणून चालवू नका.

रोज चार-चार वेळा रडवून केलेल्या स्ट्रेचिंगबद्दल स्पष्टच सांगायला हवं. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) मज्जासंस्थेच्या आजारांत काही महिने केलेल्या स्ट्रेचिंगने सांध्याच्या हालचालीत म्हणावा असा फरक पडत नाही. आपल्याच मनाने सगळं बंद करू नका, पण थेरपिस्टना जरूर विचारा, "यातलं काय वगळलं तर चालेल?" वाचलेला वेळ मुलाला हव्या असलेल्या एका कामाच्या सरावाला द्या. हाताचं एखादं ठरावीक काम जमायला साधारण 14 ते 25 तासांचा सराव लागतो, असं 2020 च्या एका आढाव्यात दिसलं. रोज अर्धा तास धरला तर चार ते सात आठवडे. पँट वर ओढणं हे काम घेतलं तर पँट खरीच हवी. रंगीत ठोकळे रचून ते येत नाही.

उचलण्याकडे वळू, कारण सांभाळणाऱ्याची पाठ गेली की वरचं सगळं ठप्प होतं. रुग्ण हाताने उचलण्यासाठी 16 किलोची मर्यादा सांगितली जाते, आणि तीही सोयीच्या स्थितीत. मूल त्यापुढे गेलं की दोघांनी उचला, सरकफळी वापरा किंवा उचलयंत्राची चौकशी सुरू करा. 'अजून जमतंय' हे काही मोजमाप नव्हे. खुर्चीचे ब्रेक लावा, पायटेकणं बाजूला करा, पलंग आणि खुर्ची एका उंचीला आणा. मुलाला सांगून मगच हात लावा. दचकलं की ते ताठ होतं. ताठ झालेल्या मुलाला ओढू नका. खुबे आणि गुडघे सावकाश वाकवले की ताठरपणा बराचसा सुटतो. दंडाला धरून तर कधीच उचलू नका. मूल छातीशी जवळ घ्या, गुडघे वाकवा आणि वळताना कंबर न पिळता पावलं फिरवा.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर त्या माणसाला एक दिवसही सुटी मिळत नाही. मूल नीट बसलेलं असताना समोरून आणि बाजूने फोटो काढा, पट्ट्यांचा क्रम चार ओळींत लिहा आणि दोन्ही खुर्चीच्या पाठीला चिकटवा. मग आजी, मावशी, शेजारी कुणीही तासभर सांभाळू शकतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला त्या चार ओळी स्वतः सांगायला शिकवा, बोलून नाहीतर चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून. "आधी ब्रेक. मग कंबर. आता थांब." आपल्या अंगाला कुणी, कधी, कसा हात लावायचा हे त्यांनीच सांगायचं असतं. ते चुकीचा क्रम सांगत असतील तर हात थांबवा आणि विचारा, पण त्यांच्याऐवजी बोलू नका.