रील्स बंद करण्याआधी एक वही घ्या

ॲपला टायमर लावून रील्स सुटत नाहीत, कारण टायमर लावणारा आणि काढणारा अंगठा एकच. त्यात पान संपतच नाही. हे न संपणारं पान, म्हणजे इन्फिनिट स्क्रोल, एझा रास्किन या डिझायनरनी २००६ मध्ये तयार केलं. पानाचा तळ गेला, तशी थांबायची जागाही गेली.

तरी पहिले चार-पाच दिवस काहीच बंद करू नका. फोन उगाच हातात घेतला गेला की वहीत दोनच गोष्टी लिहा: वेळ, आणि त्या क्षणी खरं तर काय करायचं होतं. 'कंटाळा आला' हे उत्तर चालणार नाही. 'रात्री ९.४०, सोसायटीच्या सेक्रेटरींना गळतीचं पत्र' असं नेमकं हवं. वही चाळली की तीच दोन-तीन कामं पुन्हा पुन्हा दिसतात. ती अवघड असतातच असं नाही. बहुधा सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं नसतं, किंवा कुणाचा तरी रोष ओढवणार असतो.

मग त्या कामाचा पहिला तुकडा पाडा. 'पत्र लिहिणे' फार मोठं झालं. 'ओल आलेल्या भिंतीचे दोन फोटो काढणे' दोन मिनिटांत होतं. जेवणाची ताटं उचलली की लगेच, असं ते रोजच्या कृतीला जोडा. 'अमुक झालं की तमुक करेन' अशा बेतांवर पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी बरंच संशोधन केलंय. नुसत्या निश्चयापेक्षा हे बेत जास्त तडीस जातात. शिवाय त्यासाठी पाडव्याची वाट बघावी लागत नाही.

आता फोन. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली की होमवरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात. चार्जर स्वयंपाकघरात न्या आणि गजराचं साधं घड्याळ आणा, म्हणजे 'अलार्मसाठी लागतो' ही सबब उरत नाही. ॲप काढलं तर ब्राउझरमधूनही लॉगआउट करा. लोक हमखास तिथूनच परत शिरतात.

बरेचजण घसरतात ते पुढे: रील्सच्या जागी कपाट आवरणं, नाहीतर शिस्तीवरचे व्हिडिओ. वहीतलं काम सरकलं नाही तर ही पळवाटच. ठरवून एक एपिसोड बघून उठलात, तर ती मात्र विश्रांती. तिची उगाच लाज नको.

तीन आठवडे एखादं काम तसंच दिसलं तर आणखी तुकडे पाडू नका. ते मुळात करायचंच नाहीये का, हे बघा. तसं असेल तर संबंधित माणसाला फोन करून 'मला जमणार नाही' एवढं सांगा आणि वहीतली ती ओळ खोडा.