विचारायचं तर नगरसेवकांना विचारा

नगररचनेचे नियम बदलायचे तर सरकारने महापालिका, नगरपालिकांना विचारायला हवं, यात वाद असायचं कारणच नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, पहिलाच विषय ठेवलाय तो नगर नियोजनाचा. पण आपल्याकडे 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात कलम 37 खाली सरकार स्वतःच बदलाची नोटीस काढू शकतं, लोकांकडून महिनाभरात हरकती-सूचना मागवायच्या, नियोजन प्राधिकरणाशी, म्हणजे शहरात बहुधा पालिकेशीच, सल्लामसलत करायची आणि मग मंजुरी द्यायची. कागदावर ठीक वाटतं हे.

पण 2022 पासून मुंबई, पुण्यासकट कितीतरी ठिकाणी काही वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, म्हणजे सरकारनेच नेमलेला अधिकारी, मग सरकारने सल्ला मागितला तरी उत्तर देणारा कोण होता तर तोच, आणि आमच्या गल्लीत एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढला की ड्रेनेजचं काय, पाण्याचं प्रेशर किती, हे बोलणारा नगरसेवक त्यात कुठेच नव्हता! मला हे फार चुकीचं वाटतं. प्रस्ताव आधी नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेत यावा, मराठीत, नकाशासकट, आणि सभेने काय म्हटलं ते मंजुरीच्या आदेशात छापावं, मान्य केलं नसेल तर का नाही तेही.