नळाला मीटर नाही आणि फ्रिजवर मतपत्रिका

२०२५ मधे तीन आठवडे आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली एक पाकीट लटकत होतं, त्यात माझी मतपत्रिका होती. हो, घरीच येते, पोस्टाने. इथे न्यूझीलंडमधे, वेलिंग्टनला कौन्सिलच्या (म्हणजे महापालिकेच्या) निवडणुका दर तीन वर्षांनी होतात, मतदान केंद्र नाही, बोटाला शाई नाही, रांगेत शेजारच्या काकू भेटत नाहीत. घरी बसून आकडे टाकायचे आणि पाकीट पोस्टात किंवा सुपरमार्केटमधल्या केशरी डब्यात टाकायचं, त्या वर्षी ११ ऑक्टोबरला दुपारी बाराच्या आत. आणि गंमत म्हणजे मी अजून भारतीय पासपोर्टवाली आहे तरी मला मत आहे, कारण इथे रेसिडेंट व्हिसा असेल आणि सलग एक वर्ष राहिलेलं असेल तर मत देता येतं. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं इथे पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत आणि तू तिकडे जाऊन नगरसेवक निवडतेयस!"

आम्ही राहतो ते खंडाळ्यात. चेष्टा नाही करत, सबर्बचं नावच खंडाला आहे, भारतात नोकरी करून आलेल्या एका कॅप्टनने आपल्या घराला ते नाव दिलं आणि मग सगळ्या भागालाच चिकटलं. आजूबाजूला सिमला क्रेसेंट, दिल्ली क्रेसेंट, गँजेस रोड, आणि शेजारच्या नाइओमधे तर बॉम्बे स्ट्रीट. घाट पण आहे म्हणा, फक्त गरम वडापाव नाही.

तर मुद्दा निवडणुकीचा. मत कसं द्यायचं हे आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखं, पसंतीक्रमाने १, २, ३ लिहीत जायचं. एकाच पाकिटात महापौर, वॉर्डाचे तीन नगरसेवक, आणि बस-ट्रेन ज्यांच्याकडे आहे ते रीजनल कौन्सिल, शिवाय माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी मतदारांसाठीचा वेगळा वॉर्ड ठेवायचा की नाही यावरचं मत. सोबत एक पुस्तिका येते, प्रत्येक उमेदवाराला फक्त १५० शब्द. सभा, फ्लेक्स, डीजे असलं काही नाही, कुंपणावर पाट्या लागतात आणि वारा इतका की निम्म्या आडव्या पडलेल्या असतात. तेव्हाच्या महापौर टोरी व्हानाऊ परत महापौरपदाला उभ्या नव्हत्या आणि लेबर पार्टीचे जुने नेते, माजी मंत्री अँड्र्यू लिटल उभे होते, त्यामुळे त्या वर्षी चर्चा जरा जास्त होती.

पण पुस्तिका वाचलीत तर सगळे एकच बोलतात, पाइप आणि रेट्स. रेट्स म्हणजे आपला घरपट्टीचा प्रकार, पण तेव्हा त्यातच पाणी, ड्रेनेज, रस्ते, लायब्ररी सगळं यायचं. २०२४ मधे ते सरासरी सतरा टक्क्यांच्या आसपास वाढले आणि २०२५ मधे परत बारा, त्यामुळे दर तिमाहीला बिल आलं की घरात शांतता पसरायची. आणि पाइप का, तर शहराखालचे बरेचसे जुने, कित्येक वर्षं पुरेसे पैसेच घातले नाहीत, २०१९ च्या डिसेंबरमधे तर ऐन सिटीत मैलापाण्याचा बोगदा कोसळला आणि सगळं समुद्रात गेलं. २०२४ च्या सुमारास पिण्याचं पाणी साधारण चाळीस टक्के गळतीत जायचं. चाळीस! बारा महिने पाऊस पडणाऱ्या गावात २०२४ च्या जानेवारीत बागेत स्प्रिंकलर लावायला बंदी होती, मी हसत होते कारण आम्ही लहानपणी सकाळी साडेपाचला उठून पिंप भरलेले लोक.

मग मेख कुठे आहे तर इथे बहुतेक घरांना पाण्याचा मीटरच नाही. आंघोळ पाच मिनिटं करा की पन्नास, पैसे तेवढेच. आई विचारते, "म्हणजे पाण्याचं बिलच नाही येत?" तेव्हा नाही यायचं. वेगळं नाही यायचं. मलाही आधी भारी वाटायचं ते.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या मागच्या अंगणात एक चौकोनभर गवत हिरवंगार राहिलं, बाकी सगळं करपलेलं. मी खुश, नवरा म्हणाला जमीन चांगली असेल. पुढे एका रात्री किचनमधे सगळं बंद असताना भिंतीतून बारीक सूं असा आवाज यायला लागला, प्लंबर आला, फूटपाथवरचं ते छोटं झाकण असतं ना, त्याला इथे टोबी म्हणतात, आत मेन कॉक, तो त्याने बंद केला आणि आवाज थांबला. गळती आमच्याच हद्दीत, आमच्याच पाइपला. टोबीच्या आतल्या बाजूचं सगळं मालकाचं, त्यामुळे नऊशे डॉलर आमचेच गेले. किती दिवस गळत होतं विचारलं तर प्लंबर खांदे उडवून म्हणाला, कळणार कसं, मीटर आहे का तुमच्याकडे? चाळीस टक्क्यांत आमचाही वाटा होता म्हणजे, आणि मी गवताचे फोटो स्टेटसला टाकत होते!

इथून तासाभरावर कापिटीला २०१४ मधे मीटर लागले, तेव्हा लोक प्रचंड चिडले होते, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. मीटर लागल्यावर वापर साधारण चतुर्थांशाने खाली आला आणि लोकांच्या अंगणातल्या ढीगभर गळत्या सापडल्या. ऑकलंडला तर मीटर कधीचेच आहेत. वेलिंग्टनच्या लाँग टर्म प्लॅनमधे पण मीटरसाठी पैसे धरले होते, आणि जुलै २०२६ पासून पाण्याचा कारभार कौन्सिलांच्या मालकीच्या नव्या कंपनीकडे जाणार होता, तिचं बिल वेगळं येणार होतं. तरी "पाइप दुरुस्त करू" हे सगळे छाती ठोकून लिहितात आणि मीटर हा शब्द मात्र मला भिंग घेऊन शोधावा लागला. मतं जातात ना. पुण्यातही चोवीस तास पाण्याच्या योजनेत मीटर बसवायला आले तेव्हा सोसायट्यांनी काय काय केलं ते आठवा.

मोठं कुटुंब आणि भाड्याने राहणारे यांना मीटर जड जाईल हा आक्षेप मला पटतो, घरटी ठराविक लिटर फुकट ठेवा की मग. पण कोणी मोजूच नका म्हणत असेल तर त्याला माझ्याकडून शेवटचा नंबर.

एका संध्याकाळी शेवटी बसून आकडे टाकले. ज्या एकीने मीटर असं सरळ लिहिलंय तिला वॉर्डात १. नवऱ्याने तिला ४ दिला, म्हणे तुझ्या आंघोळीचं बिल मी भरणार. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तेव्हा दोन्ही पाकिटं केशरी डब्यात टाकली, आणि येताना सवयीने टोबीचं झाकण पायाने उघडून एक मिनिट कान देऊन उभी राहिले. समोरून कुत्रा फिरवणारे आजोबा गेले, त्यांनी नमस्कारासारखी मान हलवली आणि विचारलं, ऐकू येतंय का काही?